नदी मालकांची, कसब गिलींचं

ब्रोरा, स्कॉटलंड :

स्कॉटलंडमध्ये नदीकाठानं कुणीही चालावं, बसावं, तंबूही ठोकावा. २००३ च्या जमीन सुधारणा कायद्यानं हा हक्क सगळ्यांना दिला आहे. पण त्याच काठावरून सॅमनसाठी गळ टाकायचा तर गोष्ट वेगळी. सॅमन धरण्याचा हक्क इथे जमिनीपासून निराळी मालमत्ता आहे. मुळात तो राजाचा. राजांनी तो सरदारांना, मठांना बहाल केला, आणि तेव्हापासून तो वारशानं उतरतो, विकला जातो. काठावर इंचभर जमीन नसलेला माणूसही त्या पाण्यातल्या सॅमनच्या हक्काचा मालक असू शकतो. नदीचे टप्पे पाडलेले आहेत. एकेका टप्प्याला ‘बीट’ म्हणतात, आणि चांगल्या बीटचं एका दिवसाचं भाडं शेकडो पौंडांत जातं. रविवारी सॅमनवर गळ टाकायला कायद्यानंच बंदी आहे, मग तो मालक का असेना.

हे आधी सांगतो, कारण इथल्या फ्लाय फिशिंगबद्दल (फ्लाय म्हणजे पिसं-रेशीम बांधून सजवलेला गळ) लोक हळवे होऊन बोलतात तेव्हा नदी कुणाची हे सहसा कुणी बोलत नाही. आणि ते कळल्याशिवाय गिली कोण, हे कळत नाही.

गिली म्हणजे इस्टेटीचा नोकर. भाडं भरून आलेल्या पाहुण्याला तो नदीवर नेतो, कुठे उभं राहायचं, किती लांब टाकायचं, आज कुठली फ्लाय लावायची ते सांगतो. पाहुणा आठवडाभर असतो, गिली जन्मभर. पाणी चार बोटं चढलं की मासे कुठल्या दगडाआड सरकतात हे त्याला ठाऊक असतं. या छंदावरचे मोठमोठे ग्रंथ बहुतेक जमीनदारांनी आणि त्यांच्या पाहुण्यांनी लिहिले. हातातलं ज्ञान मात्र पगारी माणसांचं होतं, असं माझं मत इथे राहून पक्कं झालं आहे.

सॅमनची फ्लाय ही अजब चीज आहे. ट्राउट मासा कीटक खातो, म्हणून ट्राउटची फ्लाय कीटकासारखी बांधतात. सॅमन गोड्या पाण्यात जन्मतो, दोन-तीन वर्षांनी रुपेरी होऊन समुद्रात उतरतो, थेट ग्रीनलंडपर्यंत जातो आणि वासाच्या आठवणीवर अंडी घालायला जन्माच्या नदीत परततो. परतल्यावर तो खाणं जवळजवळ बंदच करतो. म्हणजे भूक नसलेल्या माशाला तोंड उघडायला लावायचं. तो का उघडतो? लहानपणीची सवय, जागेचा राग, नुसती चाळवलेली उत्सुकता. नदीवर भेटेल तो प्रत्येक जण वेगळं कारण सांगतो. म्हणूनच फ्लाय कशाचीही नक्कल असण्याचं बंधन राहिलं नाही, आणि बांधणाऱ्यांची कल्पकता मोकळी सुटली.

टाकण्याची रीतही इथल्या भूगोलानं घडवली. फ्लायला वजन नसतं. वजन जाड दोराचं. तो दोर चाबकासारखा मागे नेऊन पुढे फेकायचा, ही साधी पद्धत. पण स्पे नदीच्या काठाला मागे झाडं आणि उतार. मागे दोर नेला की फांदीत अडकलाच. म्हणून लांब काठी दोन्ही हातांनी धरून, दोर पाण्यावरच फिरवून, पाण्याच्या पकडीचा जोर घेऊन पुढे उलगडायचा अशी ‘स्पे कास्ट’ इथे निघाली. आज ती जगभर शिकवतात.

व्हिक्टोरिया राणीच्या काळात फ्लाय फार भरजरी झाल्या. सगळ्यात गाजलेली ‘जॉक स्कॉट’. ट्वीड नदीवरच्या मेकर्सटनचे लॉर्ड जॉन स्कॉट यांच्या जॉक स्कॉट नावाच्याच गिलीनं ती १८५० च्या सुमारास नॉर्वेला जाणाऱ्या जहाजावर बांधली, असं सांगतात. मागचा अर्धा भाग पिवळ्या रेशमाचा, पुढचा काळ्या. त्यावर चंदेरी जर. सोनेरी फेझंट, टूकन, मकाव, मोर यांची पिसं. गिलीचं नाव एका फ्लायवर राहिलं, हा अपवाद म्हणायचा. पुढे जॉर्ज केल्सन यांचा ‘द सॅमन फ्लाय’ हा जाडजूड ग्रंथ १८९५ साली आला, आणि कुठल्या फ्लायला कुठलं पीस, याचं जणू शास्त्रच झालं.

या पिसांपैकी एक आपल्या ओळखीचं आहे. फ्लायच्या दोन्ही बाजूंना डोळ्यासारखं दिसणारं, काळसर पिसावर मेणासारखा चकचकीत पिवळट ठिपका असलेलं ते पीस राखी रानकोंबड्याच्या मानेचं. कोयना-राधानगरीच्या जंगलात पहाटे ज्याची बांग ऐकू येते तोच हा पक्षी. भारताच्या बाहेर तो रानात कुठेही नाही. साम्राज्याच्या जहाजांनी या माना गठ्ठ्यांनी इकडे आल्या. कुणा फासेपारध्यानं, कुणा आदिवासीनं किती आण्यांना त्या विकल्या, याची नोंद एकाही फ्लायच्या पुस्तकात मला सापडलेली नाही. आज भारतात हा पक्षी वन्यजीव कायद्याच्या संरक्षणाखाली आहे, आणि इथे वापरतात ती पिसं पिंजऱ्यात पैदास केलेल्या कोंबड्यांची.

आता ज्यांच्यासाठी मी ब्रोराला आलो त्या मेगन बॉइड. जन्म १९१५ चा, इंग्लंडमधल्या सरे परगण्यातला. वडील नदीवरचे राखणदार. त्यांच्या नोकरीपायी लहानपणीच त्या इकडे आल्या. फ्लाय बांधायला शिकवलं ते बॉब ट्रस्लर नावाच्या एका रखवालदारानं. जुन्या फ्लाय सोडवायच्या आणि तोच माल वापरून लहान गळावर पुन्हा बांधायच्या, असा त्यांचा धडा. गावाच्या उत्तरेला किंट्रॅडवेलला समुद्राकडे तोंड करून असलेल्या घराशेजारी बाईंची एक लहानशी खोपी होती. घरात कित्येक वर्षं वीज नव्हती, नळाचं पाणी नव्हतं. तिथे बसून त्यांनी पन्नासहून अधिक वर्षं फ्लाय बांधल्या. गिऱ्हाइकांमध्ये तेव्हाचे युवराज चार्ल्सही होते. १९७१ साली ब्रिटिश एम्पायर मेडल जाहीर झालं, तर कुत्र्याला सांभाळायला कुणी नाही म्हणून त्या लंडनला गेल्या नाहीत. बारीक कामानं शेवटी डोळे गेले. २००१ मध्ये त्या वारल्या. सॅमनवर गळ त्यांनी स्वतः कधी टाकला नाही.

हे शेवटचं वाक्य मला फार महत्त्वाचं वाटतं. मासा मारण्याची हौस नाही, नदीत हक्क नाही, तरी रेशमाचा एक वेढाही जास्त पडू नये म्हणून आयुष्य वेचायचं. त्यांच्या नावाची फ्लाय पाहा: काळी-निळी, साधी, ऐन उन्हाळ्यात पाणी उतरलेलं असताना वापरायची. दहा देशांची पिसं तिला लागत नाहीत.

याच्या उलट टोकही सांगायला हवं. आता नदीवर केसांच्या, प्लॅस्टिकच्या नळीवर बांधलेल्या साध्या फ्लाय चालतात आणि सॅमन त्यांनाही तसाच येतो. भरजरी फ्लाय बहुतेक काचेआड ठेवण्यासाठी बांधतात. त्या मूळच्याच पिसांनी बांधायच्या, या हट्टापायी २००९ मध्ये लंडनमध्ये बासरी शिकणाऱ्या एका अमेरिकन विद्यार्थ्यानं ट्रिंग गावातल्या निसर्ग-संग्रहालयातून २९९ पक्ष्यांची कातडी चोरली. त्यांत निसर्गशास्त्रज्ञ आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी गोळा केलेले नमुने होते. कित्येकांच्या चिठ्ठ्या काढून टाकलेल्या सापडल्या, म्हणजे विज्ञानाच्या दृष्टीनं ते गेलेच. मेगनबाईंच्या खोपीतलं वेड आणि हे वेड एकाच जातीचं आहे असं मला कुणी सांगितलं तर मी मान्य करणार नाही. एकीला कामाची ओढ होती, दुसऱ्याला वस्तूची.

आणि आता मासाच कमी होत चालला आहे. स्कॉटलंडमध्ये गळानं धरलेल्या सॅमनची नोंद १९५२ पासून ठेवतात. २०२३ चा आकडा तोवरचा सर्वांत कमी होता. त्याच वर्षी ब्रिटनमधला सॅमन ‘संकटग्रस्त’ यादीत गेला. समुद्र तापतो आहे, पश्चिम किनाऱ्यावरच्या पिंजऱ्यांतल्या सॅमनशेतीतून उवा पसरतात, जुने बंधारे वाट अडवतात, डोंगर उघडे पडल्यानं नद्यांना सावली नाही. धरलेले बहुतेक सगळे मासे आता परत सोडतात. १ एप्रिलच्या आधी तर सॅमन मारायलाच बंदी आहे. डी नदीच्या खोऱ्यात दहा लाख झाडं लावायचा संकल्प सोडला आहे, पाण्यावर सावली यावी म्हणून.

बहुतेक मोठ्या नद्यांचा कारभार पाहायला एकेक मंडळ असतं. त्याचा खर्च मालकांवरच्या पट्टीतून चालतो, आणि त्यात बहुमतही मालकांच्या प्रतिनिधींचं. पट्टी मालकांनी भरावी हे योग्यच. पिढ्यान्‌पिढ्या भाडं त्यांनी घेतलं. पण नदी दररोज पाहणारा, कुठल्या वर्षी कुठल्या डोहातले मासे नाहीसे झाले हे तोंडपाठ असणारा गिली तिथे मताचा धनी नाही, हे मला पटत नाही. ज्या नोकरमाणसांनी या छंदाला त्याची फ्लाय दिली, त्यांनाच आता नदीबद्दल आधी विचारायला हवं, आणि कायदा बदलूनच विचारायला हवं.