स्पंजच्या गोळ्यांची लढाई

महू म्हटले की आपल्या बेळगावकडच्या माणसाला दोन गोष्टी आठवतात. पहिली अर्थातच डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे जन्मस्थान. १४ एप्रिल १८९१ रोजी तेथील लष्करी छावणीत त्यांचा जन्म झाला, आणि २००३ पासून गावाचे अधिकृत नावही डॉ. आंबेडकर नगर असे आहे. दुसरी म्हणजे पायदळाचे इन्फंट्री स्कूल. त्याची एक शाखा आपल्या बेळगावातच असल्यामुळे फौजी घरांची या दोन गावांत ये-जा चालूच असते. माझे मामा नोकरीनिमित्त महूला असतात. त्यांच्या वसाहतीतील मुले पावसाळ्यात मैदानावर चिखल झाला की सभागृहात एक खेळ मांडतात. तो पोरखेळ म्हणून सोडून देण्याजोगा मुळीच नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

खेळ असा: दोन बाजू, प्रत्येकीत पाच-सहा गडी, आणि हातात स्पंजची गोळी उडवणाऱ्या प्लॅस्टिकच्या बंदुका. गोळी लागली की गडी बाद. या खेळण्याचे मूळ अमेरिकेत आहे. पार्कर ब्रदर्स या कंपनीने घरात खेळता येईल असा स्पंजचा चेंडू ‘नर्फ’ या नावाने विकायला काढला. त्याची कल्पना रेन गायर यांची. स्पंजची लांबट गोळी मारणारी बंदूक १९९० नंतरच्या काळात आली. आता आपल्या बाजारात तशा अनेक स्वस्त बंदुका मिळतात. घेताना आय.एस.आय.चे चिन्ह मात्र पाहून घ्यावे. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर ते सक्तीचे आहे.

बंदुका मुख्यतः दोन जातींच्या. एकीत खटका मागे ओढला की स्प्रिंग दाबली जाते. चाप ओढला की ती सुटून दट्ट्या पुढे ढकलते आणि कोंडलेली हवा गोळीला बाहेर फेकते. दुसरीत बॅटरीवर फिरणारी दोन चाके गोळीला मधून पिळून फेकतात. दुसरीतून गोळ्या भराभर सुटतात खऱ्या. पण मोटारीची घरघर ऐकून समोरच्याला आपला ठावठिकाणा आधीच कळतो, शिवाय सेलचा खर्च वेगळाच! माझे मत विचाराल तर साधी स्प्रिंगची बंदूकच बरी.

आता थोडे गणित. गोळीचे वजन सुमारे एक ग्रॅम, आणि चांगल्या बंदुकीतून ती सेकंदाला साधारण वीस मीटर वेगाने निघते. म्हणजे दहा मीटर जायला तिला अर्धा सेकंद लागतो, आणि तेवढ्या वेळात ती सव्वा मीटर खाली येते. छातीवर नेम धरला तर गोळी पावलांपाशी! हवेचा अडथळा धरला तर अवस्था याहून वाईट. उलट पाच मीटरवर ती फक्त तीस सेंटिमीटर खाली येते. त्यामुळे या खेळात लांबून नेम धरणाऱ्यापेक्षा जवळ पोचणारा जिंकतो. छताचे पंखे बंद ठेवायचे तेही याचसाठी.

जवळ पोचायचे कसे? आपल्या एन.सी.सी.च्या मुलांना ‘फायर अँड मूव्ह’ ठाऊक आहे. पायदळाची दहा जवानांची सेक्शन दोन गटांत विभागून चालते. एक गट गोळीबार करून शत्रूचे डोके खाली ठेवतो, तेवढ्यात दुसरा पुढे सरकतो. सभागृहात हेच तत्त्व दोघादोघांच्या जोड्यांनी चालते. एकाने मारायचे, दुसऱ्याने पुढच्या आडोशापर्यंत पळायचे. बंदूक रिकामी झाली की “भरतोय!” असे ओरडायचे, म्हणजे जोडीदार मारा चालू ठेवतो. समोरच्यालाही ते ऐकू जाते हे खरे, पण मुकाट्याने भरत बसणारा जोडीदाराला उघडे पाडतो. महूच्या मुलांनी यावर तोड काढली आहे; ती “चहा!” असे ओरडतात.

एन.सी.सी.त नजरेपासूनची आड आणि गोळीपासूनची आड यांत फरक करायला शिकवतात. झुडूप लपवते, वाचवत नाही. येथे मात्र वाळत घातलेली गोधडीही गोळी अडवते, त्यामुळे उलटे टेबल, पुठ्ठ्याची खोकी, सतरंजी सारे चालते. कोपऱ्यावर मात्र बहुतेक जण फसतात. ते भिंतीला चिकटून डोकावतात आणि त्यांच्या आधी बंदुकीचे तोंडच बाहेर येते. भिंतीपासून दोन पावले मागे राहून अर्धगोलात हळूहळू सरकले, तर पलीकडचा भाग थोडाथोडा दिसत जातो आणि पहिली गोळी आपली असते. दारात तर क्षणभरही थांबू नये.

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला आणखी एक गोष्ट दिसते. गोळ्या म्हणजे या खेळाचे खेळते भांडवल. शंभर गोळ्यांनी सुरुवात केली तरी पाऊण तासात निम्म्या कपाटांखाली अडकून पडतात. म्हणून प्रत्येक डावानंतर खेळ थांबवून मोजदाद करावी. वाकलेल्या किंवा टोपी सैल झालेल्या गोळ्या बाजूला काढाव्यात. त्या भलतीकडेच जातात.

आणि टोपीवरून आठवले. गोळी स्पंजची असली तरी तिचे टोक रबराचे असते. लंडनच्या मूरफील्ड्स नेत्ररुग्णालयातील डॉक्टरांनी २०१७ मध्ये अशा गोळ्या डोळ्याला लागलेल्या तीन रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. तिघांच्याही डोळ्याच्या आत रक्तस्राव झाला होता आणि त्यांतले दोघे प्रौढ होते. महूच्या मुलांचा नियम साधा आहे: चष्मा नाही तर बंदूक नाही. प्रयोगशाळेत वापरतात तसा बाजूने झाकलेला प्लॅस्टिकचा चष्मा चालतो. नंबरचा रोजचा चष्मा चालत नाही. प्रेक्षकांनाही हाच नियम. मामा एकदा चहाचा कप घेऊन दारात उभे राहिले, तेव्हा आठ वर्षांच्या पंचाने शिट्टी वाजवून डाव थांबवला आणि चष्मा आणून त्यांच्या हातात दिला.