डोंगरवाटेवरील ओझ्यासाठी सायकलची सज्जता

सह्याद्रीच्या उतारांवर वसलेल्या अनेक वाड्या-वस्त्यांपर्यंत पक्का रस्ता पोहोचलेला असला, तरी तेथून शेतापर्यंतची वाट बहुधा कच्ची, दगडगोट्यांची व चढउताराचीच असते. मोटारसायकली व टेम्पो आज गावोगाव दिसत असले, तरी दूध संकलन केंद्रावर नेणे, भाजीची पाटी बाजारात पोहोचविणे, बियाणे, खत व फवारणी पंप शेतावर नेणे ही कामे अनेक लहान शेतकरी सायकलवरच करतात. सायकलला इंधन लागत नाही, तिची दुरुस्ती गावात होते व ती पायवाटेवरूनही चालते. मात्र सपाट रस्त्यासाठी घेतलेली सायकल कोणतीही तयारी न करता ओझ्यासह डोंगरवाटेवर नेली, तर कॅरिअर मोडतो, तारा तुटतात, आणि उतारावर ब्रेक न लागल्यास जिवावरचा प्रसंग ओढवतो. म्हणून सायकल किती ओझे वाहू शकते, हे ठरविण्यापूर्वी ती किती ओझे उतारावर थांबवू शकते, हे पाहिले पाहिजे. पुढील सर्व सूचना या एका तत्त्वास धरून आहेत.

सायकलची निवड

ओझ्याच्या कामास साधी, मजबूत फ्रेमची काळी सायकल उत्तम होय. वरची आडवी नळी दुहेरी असलेली सायकल मिळाल्यास ती अधिक बळकट असते. डोंगरवाटांसाठी बनविलेली रुंद टायरची सायकल, जिला माउंटन बाइक म्हणतात, ती १९७० नंतरच्या दशकात अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात प्रचारात आली व आता आपल्याकडेही सर्वत्र मिळते. तिचे रुंद टायर वाळूत व चिखलात कमी रुततात, हा तिचा मोठा गुण आहे. परंतु ओझ्यासाठी ती घ्यावयाची असल्यास मागील बाजूस स्प्रिंग नसलेलीच घ्यावी. मागे स्प्रिंग असलेल्या फ्रेमवर कॅरिअर पक्का बसत नाही आणि प्रत्येक खड्ड्यात ओझे वरखाली हिंदकळते. पुढील चिमट्यास स्प्रिंग असल्यास पुढे जड ओझे टांगू नये.

चाके व टायर

सायकलवरील वजनाचा मोठा भाग मागील चाकावर पडतो. म्हणूनच जुन्या पद्धतीच्या काळ्या सायकलींत पुढच्या चाकास ३२ व मागच्या चाकास ४० तारा असतात. ओझे वाढविण्यापूर्वी मागील चाकाची प्रत्येक तार बोटाने छेडून पाहावी. एकाच बाजूच्या तारांचा आवाज साधारण सारखा आला पाहिजे. ज्या तारेचा आवाज मंद येतो ती सैल आहे असे समजावे व कारागिराकडून कसून घ्यावी. एक तार सैल राहिली की तिचा भार शेजारच्या तारांवर पडतो आणि त्या एकामागून एक तुटू लागतात.

टायरमध्ये किती हवा भरावी, हे टायरच्या बाजूवर छापलेले असते. ओझे असताना मागील टायरात हवा कमी ठेवू नये. कमी हवेच्या टायरवरून दगड गेला, तर ट्यूब रिम व दगड यांमध्ये चिरडली जाते आणि शेजारी-शेजारी दोन छिद्रे पडतात. टायरच्या बाजूचे कापड उघडे पडलेले दिसल्यास त्या टायरवर ओझे नेऊ नये.

ओझ्याची जागा

ओझे बांधताना तीन नियम पाळावेत. पहिला, ओझे जितके खाली असेल तितके चांगले. कॅरिअरवर उंच रचलेले पोते सायकल थोडी कलताच तिला त्या बाजूस ओढून पाडते. तेच वजन दोन्ही बाजूंच्या पिशव्यांत आसाच्या पातळीजवळ टांगले, तर सायकल सहज सांभाळता येते. दुसरा, ओझ्याचा मध्य मागील आसाच्या वर किंवा किंचित पुढे असावा. तो आसाच्या मागे गेल्यास पुढचे चाक हलके होते, हँडल डगमगते व चढावर पुढचे चाक उचलले जाते. तिसरा, दोन्ही बाजूंचे वजन समान असावे.

कॅरिअर चार जागी नट-बोल्टने फ्रेमला व आसाला जखडलेला असावा. केवळ सीटखालच्या पट्टीवर भार देणारा कॅरिअर ओझ्यास निरुपयोगी होय. ओझे सुंभाच्या दोरीने किंवा ट्यूबच्या रबरी पट्टीने बांधावे. रबरी पट्टी ओझे खाली बसले तरी ताण धरून ठेवते, दोरी मात्र सैल पडते. म्हणून दोरी वापरल्यास अर्ध्या वाटेत थांबून पुन्हा आवळावी. दोरीचे मोकळे टोक लोंबत ठेवू नये. ते तारांत किंवा चेनमध्ये गुंतले की चाक जागीच अडकते.

दूध नेताना वीस लिटरची एक एक किटली दोन्ही बाजूंस टांगावी. अशा दोन भरलेल्या किटल्यांत दुधाचेच वजन ४१ किलोच्या आसपास होते, त्यात किटल्यांचे वजन वेगळे. एकच किटली असल्यास दुसऱ्या बाजूस तितक्याच वजनाची वस्तू बांधावी. अर्धवट भरलेल्या किटलीत दूध हिंदकळून सायकलचा तोल बिघडवते. म्हणून दूध थोडे असेल तेव्हा लहान किटल्या भरून वापराव्यात.

फवारणी पंप रिकामा न्यावा व शेतावर पाणी भरावे. १६ लिटरचा भरलेला पंप म्हणजे पंपाखेरीज १६ किलोचे हलते ओझे होय. कीटकनाशकाची बाटली दूध, धान्य, भाजी, चारा किंवा शिदोरी यांबरोबर एका पिशवीत कदापि ठेवू नये. तिच्यासाठी झाकणाचा वेगळा डबा करावा, बाटली त्यात उभी ठेवावी व तो डबा अन्य कामास वापरू नये.

चढ

एकास पंधरा या प्रमाणाच्या चढावर, म्हणजे पंधरा मीटर चालून एक मीटर उंची गाठणाऱ्या वाटेवर, माणूस, सायकल व ओझे मिळून १२० किलो वजन असेल, तर केवळ चढासाठी सतत सुमारे ८ किलो वजनाइतका जोर लावावा लागतो. मागील फ्रीव्हीलला १८ दाते असतील, तर तेथे २२ दात्यांचे फ्रीव्हील बसवून घ्यावे. त्यामुळे पायडलवरील जोर सुमारे पाचव्या हिश्शाने कमी होतो. सपाटीवर वेग तितकाच घटतो, परंतु ओझ्याच्या कामात हा तोटा नगण्य आहे. दाते वाढविताना चेनही थोडी वाढवावी लागते, हे कारागिरास सांगावे. अधिक उभ्या चढावर खाली उतरून सायकल ढकलणे हेच शहाणपणाचे.

उतार व ब्रेक

वेग दुप्पट झाला की थांबण्यास लागणारे अंतर चौपट होते. ओझ्याने ते आणखी वाढते. म्हणून ब्रेक उताराच्या तळाशी नव्हे, तर माथ्यावरच लावण्यास आरंभ करावा व वेग प्रथमपासून चालण्याच्या वेगाच्या आसपास राखावा. ब्रेकची दोन्ही रबरे रिमला एकाच वेळी व पूर्ण टेकली पाहिजेत. झिजून गुळगुळीत झालेली रबरे ताबडतोब बदलावीत.

पावसाळ्यात विशेष सावध राहावे. पोलादी रिम ओले झाले म्हणजे रबर त्यावरून घसरते आणि थांबण्याचे अंतर कित्येक पटींनी वाढते. ओल्या उतारावर ओझ्यासह सायकलवर बसून जाऊ नये. दोन्ही ब्रेक धरून पायी उतरावे.

ब्रेकची परीक्षा सोपी आहे. नेहमीचे पूर्ण ओझे बांधून वाटेवरील सर्वांत उभ्या उतारावर सायकलच्या बाजूस उभे राहावे व प्रथम केवळ मागचा, मग केवळ पुढचा ब्रेक धरावा. प्रत्येक ब्रेकने सायकल जागच्या जागी थांबून राहिली पाहिजे. ती सरकत असल्यास ब्रेक दुरुस्त होईपर्यंत ओझे कमी करावे. वर माणूस बसला की हा भार बराच वाढतो, हे विसरू नये.

ढकलावयाची सायकल

फार जड ओझ्यासाठी सायकल चालविण्याऐवजी केवळ ढकलण्याची पद्धतही आहे. १९५४ साली व्हिएतनाममधील दिएन बिएन फू येथील लढाईत हमालांनी डोंगराळ जंगलवाटांनी सायकलींवरून दोनशे किलो व त्याहूनही अधिक वजनाचे सामान नेले. त्या सायकलींवर कोणी बसत नसे. हँडलला बांबूची लांब काठी बाजूस बांधून सायकल वळविली जाई, आणि सीटजवळ बांधलेल्या दुसऱ्या उभ्या काठीने ती तोलली व ढकलली जाई. आपल्या शेतकऱ्यास इतके वजन न्यावयाचे नसते. तथापि खताचे पोते किंवा चाऱ्याचे भारे शेतवाटेने नेताना बांबूच्या दोन काठ्यांची ही युक्ती उपयोगी पडेल. सामान दोन्ही बाजूंस खाली टांगून बाजूने चालता येते व कंबर वाकवावी लागत नाही. उतारावर मात्र दुसऱ्या माणसाने मागून दोरीने सायकल धरावी.

सोबतचे साहित्य

हवेचा पंप, पंक्चरचे रबर व सोल्युशन, टायर काढण्याच्या दोन पट्ट्या, व्हॉल्व्हची रबरी नळी, नट खोलण्याचा पाना, थोडी तार व दोरी एवढे साहित्य सीटखालच्या पिशवीत नेहमी असावे. पंक्चर काढल्यावर ट्यूब बसविण्यापूर्वी टायरच्या आतून सावकाश बोट फिरवावे. बाभळीच्या काट्याचे टोक आत राहिले, तर ट्यूब पुन्हा फुटते. पहाटे दूध नेणाऱ्यांनी पुढे दिवा व मागे लाल परावर्तक लावावा. किटल्यांनी तो झाकला जाणार नाही, याची काळजी घ्यावी.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी पावसाळ्यापूर्वी एखाद्या बाजारच्या दिवशी गावातील सायकल-कारागिरास बरोबर घेऊन याचे प्रात्यक्षिक द्यावे. वाळूने भरलेली दोन पोती प्रथम उंच व मग खाली बांधून तीच सायकल शेतकऱ्यांना हाताने चालवून पाहण्यास द्यावी आणि शेवटी प्रत्येकाच्या सायकलचा ब्रेक उतारावर तपासावा. जेथे रबरे झिजलेली आढळतील, तेथे ती त्याच दिवशी बदलून घ्यावीत.