तुळशीला पाणी

पावसाळा सुरू झाला की आम्हा मुंबईकरांना दरसाल एक व्यसन जडते. एरवी शेअरबाजाराचे भाव बघावेत तसे आम्ही वर्तमानपत्रातला तळ्यांचा तक्ता बघू लागतो. उर्ध्व वैतरणा, मोडकसागर, तानसा, मध्य वैतरणा, भातसा, विहार आणि तुळशी अशी सात नावे, आणि प्रत्येकापुढे पहाटे सहाची पातळी. आकडा चढला की चहा गोड लागतो, अडून बसला की घरात बादल्या भरून ठेवण्याच्या सूचना सुटतात.

यंदा आषाढात असाच तक्ता वाचत गॅलरीत बसलो होतो. शेजारचे गृहस्थ डोकावले आणि म्हणाले, "अहो, ते शेवटचे नाव छापून शाई कशाला वाया घालवतात हे लोक? मुंबईची तहान केवढी, तुळशीचे पाणी केवढे! दर्यामे खसखस!"

हिशेबाने त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. मुंबईला रोज सुमारे ३८५ कोटी लिटर पाणी पुरवले जाते. त्यात तुळशीचा वाटा सरासरी १ कोटी ८० लाख लिटरांचा. शेकडा अर्धासुद्धा नाही! पण हे सर्वांत लहान तळे आम्हा मालाडकरांच्या अगदी पाठीशी आहे. पूर्वेकडची टेकडी आणि तिच्यामागचे रान ओलांडले की त्याचे पाणी लागते. शेजाऱ्याची अशी हेटाळणी कानावर पडल्यावर गप्प कसे बसायचे? म्हणून या तळ्याची हकीकत वाचकांपुढे ठेवतो.

तुळशीचे तळे निसर्गाने दिलेले आहे अशी पुष्कळांची समजूत असते. चहूकडे दाट झाडी, पाण्यात उतरलेल्या टेकड्यांच्या सावल्या, कडेला उन्हात पडलेली मगर, असे दृश्य पाहिल्यावर हे माणसाचे काम आहे हे कोणाला खरे वाटेल? पण आहे माणसाचेच, आणि तेही गरजेपोटी केलेले.

पावणेदोनशे वर्षांपूर्वीची मुंबई विहिरींवर आणि गावतळ्यांवर जगत होती. वस्ती पाच लाखांवर गेली आणि विहिरी कोरड्या पडू लागल्या. १८५४ साली तर अशी टंचाई झाली की गुरेढोरे शहराबाहेर न्यावी लागली आणि पाणी बाहेरून आणावे लागले. त्यातून हेन्री कॉनिबेअर या इंजिनियरची योजना पुढे आली आणि १८५६ ते १८६० या काळात मिठी नदीच्या खोऱ्यात विहार तलाव बांधला गेला. मुंबईच्या घराघरांत नळाचे पाणी आले ते तिथून. लोकांना वाटले, आता चिंता मिटली! पण शहराची तहान ही मारुतीच्या शेपटासारखी. दहा-बारा वर्षांत विहारही पुरेना. मग त्याच रानात, विहारच्या वरच्या अंगाला, तासो नदीचे पाणी अडवण्याचे ठरले. १८७२ साली काम निघाले आणि १८७९ साली तुळशी तलाव पुरा झाला. खर्च सुमारे ४० लाख रुपये.

या तळ्याची खुबी त्याच्या उंचीत आहे. मुंबईच्या तळ्यांची पातळी टाउन हॉलच्या नावाने ठरलेल्या आधारपातळीवरून मोजतात. त्या मापाने तुळशी काठोकाठ भरते १३९.१७ मीटरांवर आणि विहार ८०.१२ मीटरांवर. म्हणजे थोरल्या बहिणीपेक्षा धाकटी जवळजवळ ५९ मीटर वर बसली आहे. त्या काळी पाणी ढकलायला विजेचे पंप नव्हते. उंचावरचे पाणी आपल्या वजनाने उंच वस्तीपर्यंत पोचते, म्हणून या उंचीला मोल होते. आजही तुळशी ओसंडली की तिचे पाणी विहारात उतरते आणि विहार ओसंडला की ते मिठी नदीला मिळते.

आता भरण्याचा हिशेब पाहा. तुळशीच्या पाणलोटाचा, म्हणजे ज्या उतारांवरचा पाऊस तिच्यात येतो त्यांचा, विस्तार ६.७६ चौरस किलोमीटर. तळ्यात मावते ८०४.६ कोटी लिटर पाणी. पडलेला सगळा पाऊस वाहून तळ्यात आला असे धरले, तर सुमारे १२० सेंटिमीटर पावसात तळे भरावे. उपनगरांत पावसाळाभर २०० सेंटिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. काही पाणी माती पिते, काही झाडे पितात, तरीही तळे भरते. आणि एकदा भरले की रोजच्या १ कोटी ८० लाख लिटरांच्या मापाने, बाष्पीभवन सोडून दिले तर, वर्षभर पुरून वर उरते. लहान आहे, पण संसार नेटका आहे!

इथवर सगळे गोड झाले. आता पुढचे सांगतो, कारण खरी गोष्ट तिथेच आहे.

याच डोंगररांगेच्या दक्षिण टोकाला पवईचे तळे आहे. फ्रामजी कावसजी यांची जमीनदारी पूर्वी याच गावी होती. शहराला पाणी पुन्हा अपुरे पडले तेव्हा घाईघाईने हे तळे बांधले गेले, आणि १८९० साली काम पुरे झाले. खर्च सुमारे १२ लाख ५९ हजार. पण पाणी पिण्याच्या लायकीचे ठरेना, आणि लगेच १८९२ साली तानसाचे मुबलक पाणी शहरात आले. पवईचे काम जन्मतःच संपले! पुढे ते पाणी कारखानदारीला आणि आरे दूध वसाहतीला कामी आले. गळ टाकणाऱ्या हौशी मंडळींनी तिथे वर्षानुवर्षे मासे पकडले आणि तळ्याकडे लक्षही ठेवले. १९५८ साली स्थापन झालेली आय.आय.टी. पुढे काठावर आली, मागोमाग मोठमोठ्या इमारती आल्या.

पवईचा पाणलोट किती म्हणाल? ६.६१ चौरस किलोमीटर. तुळशीचा ६.७६. जवळजवळ एकच! आकाश एक, पाऊस एक, डोंगर एक, बांधणारेही त्याच शहराचे. पण तुळशीच्या उतारावर रान उभे आहे आणि पवईच्या उतारावर शहर. तुळशीत उतरते ते पानापाचोळ्यातून गाळून आलेले पाणी. पवईत उतरते त्यात वस्त्यांचे सांडपाणीही असते. त्या सांडपाण्यावर जलपर्णी माजते. अनुकूल हवापाण्यात ही वनस्पती दोन आठवड्यांच्या आत दुप्पट होते. पालिका यंत्रे लावून ती काढते आणि ती पुन्हा वाढते. मुळाशी घाण येत राहिली तर वरची हिरवी चादर ओढून काय होणार? सांडपाण्याची तोंडे वळवण्याचे काम पालिकेने हाती घेतले आहे. खरे औषध तेच. मध्यंतरी काठाने सायकलींसाठी मार्ग बांधायला घेतला होता. तो बेकायदेशीर ठरवून मुंबई उच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये रद्द केला.

या दोन तळ्यांकडे पाहून माझे एक मत बनले आहे. ज्या तळ्याचे पाणी आपण पितो ते आपण राखतो. ज्याचे पीत नाही त्याला धनी उरत नाही, आणि निर्धनी तळ्याचे गटार व्हायला वेळ लागत नाही. पाण्याचा सगळा मान पिणाऱ्याच्या ओठांशी बांधलेला आहे!

राखणे म्हणजे तरी काय? बांधावर झाड उगवले तर ते रोप असतानाच उपटणे, कारण मुळांनी फट पडते. उंदीर-घुशींची बिळे वेळीच बुजवणे. सांडव्यातला कचरा आणि गाळ पावसाआधी काढणे. झडपा वर्षभर हलत्या ठेवणे. आणि पहाटे सहाला पातळी वाचून लिहिणे, मग पाऊस कोसळत असो की थंडी असो. यातल्या एकाही कामाचे उद्घाटन होत नाही, कोनशिला बसत नाही. तळे बांधणाऱ्याचे नाव राहते. राखणाऱ्याचे कधीच छापून येत नाही.

हे शहाणपण नवे नाही. तुळशीपासून जवळच कान्हेरीची शंभरावर लेणी आहेत. दोन हजार वर्षांपूर्वी भिक्षूंनी तिथे खडकात पाण्याची टाकी खोदवून घेतली. शिलालेखांत त्यांना 'पोढी' म्हटले आहे, आणि दात्यांनी पोढी दान दिल्याच्या नोंदी आहेत. त्याच लेण्यांत 'अक्षयनीवी'चेही उल्लेख सापडतात. अक्षयनीवी म्हणजे मुद्दल न मोडता नुसत्या उत्पन्नातून भिक्षूंच्या वस्त्रांसारखा खर्च भागवण्याची ठेव. म्हणजे दान एकदा देऊन मोकळे व्हायचे नाही, ते पुढे चालले पाहिजे, ही जाणीव या डोंगरात तेव्हाही होती.

आणि न राखल्याची किंमत? ती मालाडला शिकवावी लागत नाही. आमच्या टेकडीवर पालिकेचे जलाशय आहेत. २०१९ च्या १ आणि २ जुलैच्या मधल्या रात्री मुसळधार पावसात त्या आवाराची संरक्षक भिंत पिंपरीपाड्याच्या झोपड्यांवर कोसळली. भिंतीमागे तुंबलेल्या पाण्याचा लोट तिच्याबरोबर खाली आला. झोपेत असलेली तिसांच्या आसपास माणसे गेली. त्यात लहान मुले होती. पाण्याला साठवा, अडवा, पण बाहेर जायला वाट ठेवा, आणि ती वाट मोकळी आहे ना हे बघायला माणूस ठेवा, एवढाच धडा त्या रात्रीने दिला. पिंपरीपाड्यातल्या लोकांनी त्याची फी फार मोठी भरली. आजही जोराचा पाऊस लागला की आम्ही रात्री उठून टेकडीकडे बघतो.

मालाडात आणखी एक तळे आहे, कुरारचे शांताराम तळे. त्याचे पाणी आमच्या नळाला येत नाही. म्हणून त्याची आठवण आम्हाला गणपती विसर्जनाच्या दिवशी तेवढी होते. २०२५ साली उच्च न्यायालयाने सहा फुटांपर्यंतच्या प्लॅस्टर ऑफ पॅरिसच्या मूर्ती कृत्रिम हौदांतच विसर्जित करायला सांगितले, तेव्हा काहींनी नाके मुरडली. मला मात्र तो निर्णय पटला. बाप्पा हौदातूनही आपल्या गावी जातात. तळ्याला दुसरे गाव नाही.

हे सगळे मी शेजारच्या गृहस्थांना ऐकवले. ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "ते ठीक आहे हो. पण तुळशी नसती तर मुंबई तहानेने मेली असती का?"

"नसती मेली," मी म्हणालो. "पण तुळशीच्या भोवतीचे रान उरले असते का? पाणी स्वच्छ राहावे म्हणून तो डोंगर राखला गेला. तिथले बिबटे, तिथला गारवा, पावसाचे पाणी धरून ठेवणारी ती माती, हे सगळे त्या अर्ध्या टक्क्याच्या आधाराने टिकले आहे. उद्या कोणी म्हणाला की एवढ्याशा पाण्यासाठी एवढी जमीन कशाला अडवायची, तर तुळशीची पवई व्हायला किती वर्षे लागतील?"

यावर ते काही बोलले नाहीत.

आता दिवाळी आली. नरकचतुर्दशीच्या पहाटे घरोघर उटणे लागेल, बंबातले कढत पाणी अंगावर पडेल. आणखी काही दिवसांनी तुळशीचे लग्न लागेल. ऊस, चिंचा, आवळे, मंगलाष्टके, सगळा थाट होईल. लग्न वर्षातून एकदाच लागते. पण वृंदावनातली तुळस जगते ती त्या थाटावर नव्हे. घरातली कोणीतरी बाई रोज सकाळी न चुकता तिला तांब्याभर पाणी घालते, म्हणून ती जगते. डोंगरातल्या तुळशीचेही तसेच आहे.

परवा शेजारचे गृहस्थ पुन्हा डोकावले. पावसाळा संपला होता, तरी हातात वर्तमानपत्र होते. म्हणाले, "काय हो, हल्ली तो तक्ता रोज का छापत नाहीत? आपल्या तुळशीत किती आहे ते कळायला नको?"

'आपल्या' हा शब्द त्यांचाच बरे का, माझा नव्हे!