भुतं सेत्सूची, नाव हर्नचं

जपानच्या एनएचके वाहिनीवर २९ सप्टेंबर २०२५ ला ‘बाकेबाके’ मालिका सुरू झाली आणि जपानी भुतांना पुन्हा बरे दिवस आले. जपानी भूतकथा इंग्रजीत लिहिणारा लाफ्काडिओ हर्न कोण, त्याचं ‘क्वायदान’ काय, हे एव्हाना बरंच छापून आलंय. मालिकेची नायिका मात्र त्याच्या बायकोवर, कोइझुमी सेत्सूवर बेतलेली आहे. उशिरा का होईना, कॅमेरा योग्य माणसाकडे वळला म्हणायचा!

हर्न १८९० मध्ये जपानला पोचला. १९०४ मध्ये ‘क्वायदान’ निघालं आणि त्याच वर्षी तो गेला. एवढ्या वर्षांत जुने जपानी ग्रंथ स्वतः वाचण्याइतकी भाषा त्याला आली नाही. जुन्या पुस्तकांची दुकानं धुंडाळून भुताच्या गोष्टी आणायची ती सेत्सू. रात्री दिव्याची वात खाली करून सांगायचीही तीच. पुस्तक समोर धरून वाचलेलं त्याला चालत नसे. तुझ्या शब्दांत सांग, असा हट्ट. मग ती गोष्ट नवरा-बायकोच्या मोडक्यातोडक्या घरगुती जपानीतून त्याच्या इंग्रजीत उतरे.

‘क्वायदान’मधली ‘कानांवाचून होइची’ घ्या. दान-नो-उराच्या ११८५ च्या लढाईत बुडालेल्या हेइके वंशाची भुतं आंधळ्या होइचीला बिवा हे तंतुवाद्य वाजवायला नेतात. फाटकाशी आलेल्या सामुराईची ‘फाटक उघडा’ ही साधी हाक बेताचीच वाटली, म्हणून दोघांनी डोकं खाजवून ‘काइमोन!’ हा खणखणीत शब्द काढला. एका संध्याकाळी हर्न अंधारातच बसला होता. सेत्सूनं शेजारच्या खोलीतून हळूच ‘होइची, होइची’ अशी हाक मारली. आतून उत्तर आलं, मी आंधळा आहे, आपण कोण? या प्रसंगात लेखक कोण आणि लेखनिक कोण, हे ज्यानं त्यानं ठरवावं. सगळंच तिचं नव्हे, हेही खरं. ‘युकी-ओन्ना’ ही गोष्ट एका शेतकऱ्यानं सांगितल्याचं हर्ननंच लिहून ठेवलंय.

पुढे १९७९ मध्ये तर एका भुताच्या गोष्टीला पसरायला पुस्तकही लागलं नाही. तोंडावर मास्क लावलेली बाई विचारते, मी सुंदर आहे का? मास्क काढते तर तोंड कानापर्यंत फाटलेलं. ही कुचिसाके-ओन्ना गिफूकडून निघाली आणि काही महिन्यांत पोराटोरांच्या तोंडून देशभर झाली. मुलं घोळक्यानं घरी जाऊ लागली. शिकवणीवरून रात्री उशिरा परतणाऱ्या मुलांची भीती, असं अभ्यासक सांगतात. असेलही. पण तीनदा ‘पोमाडो’ म्हटलं की ती पळते, म्हणजे केसांना चोपडायच्या पोमेडला घाबरते, हे कोणत्या समाजशास्त्रात बसवायचं? असला तपशील सांगणाऱ्यालाच सुचतो आणि गोष्ट त्यावरच तगते.

सेत्सू १९३२ मध्ये वारली. तिच्या आठवणींचं ‘ओमोइदे नो की’ हे पुस्तक अगदी छोटं आहे. ‘क्वायदान’ हाती घेण्याआधी ते वाचा. आणि प्रकाशकांनो, पुढच्या आवृत्तीच्या मुखपृष्ठावर तिचंही नाव घाला.