सतारीचा विमा आणि पॉलिसीतलं एक कलम

वादक मंडळींकडे विम्याचा विषय काढला की दोन उत्तरं हटकून मिळतात. एक, ‘वाद्याचा कसला आलाय विमा?’ आणि दुसरं, ‘आहे की, घराच्या पॉलिसीत सगळंच येतं.’ मला या दुसऱ्या उत्तराची जास्त काळजी वाटते. विमा नसलेला माणूस निदान वाद्य जिवापाड जपतो. विमा आहे असं समजणारा निर्धास्त राहतो, आणि पॉलिसीत काय लिहिलंय ते त्याला थेट नुकसान झाल्यावर, सर्व्हेयर दारात आल्यावर कळतं.

म्हणून आधी घराच्या विम्याबद्दल.

‘घराच्या विम्यात वाद्यं आलीच’

१ एप्रिल २०२१ पासून देशातल्या सर्वसाधारण विमा कंपन्या ‘भारत गृह रक्षा’ ही ठरावीक मसुद्याची पॉलिसी देतात. पॉलिसी चांगली आहे. आग, वीज, भूकंप, पूर, वादळ, दरड, दंगल असं बरंच काही तिच्यात येतं. इमारतीचा विमा घेतला की घरातल्या सामानालाही इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्के, पण जास्तीत जास्त १० लाख रुपयांपर्यंत, आपोआप संरक्षण मिळतं. पुराचं पाणी घरात शिरलं आणि कोपऱ्यात गवसणीत ठेवलेल्या तंबोऱ्याचा भोपळा भिजून गेला, तर ते नुकसान या पॉलिसीत बसू शकतं. २०१९ चा महापूर पाहिलेल्या सांगली-कोल्हापूरच्या लोकांना याचं मोल वेगळं सांगायला नको.

चोरीचं काय? मूळ पॉलिसीत चोरी येते, पण फक्त अशा आपत्तीमुळे झालेली आणि आपत्तीनंतरच्या ७ दिवसांच्या आतली. पूर ओसरेपर्यंत घर उघडं पडलं आणि कुणी हार्मोनियम उचलून नेलं, तर दावा करता येतो. एरवी तुम्ही लग्नाला गावी गेलात आणि कुलूप तोडून तेच हार्मोनियम गेलं, तर मूळ पॉलिसीतून काही मिळत नाही. त्यासाठी घरफोडीचं संरक्षण वेगळं घ्यावं लागतं. माझ्या पाहण्यात सर्वांत जास्त पसरलेला गैरसमज हाच.

शिवाय ही पॉलिसी घरगुती वापराच्या सामानासाठी आहे. घरातच तबल्याचा क्लास चालतो, पुढच्या खोलीत रेकॉर्डिंगचा स्टुडिओ आहे, बँडचे अँप्लिफायर आणि स्पीकर घरी ठेवलेले आहेत, अशा वेळी कंपनी तो माल धंद्याचा मानू शकते. तसा वापर असेल तर प्रस्तावाच्या अर्जातच लिहून द्यावा. हप्ता थोडा वाढेल, पण लपवलेली माहिती पुढे दाव्याच्या आड येते. ढोल-ताशा पथकांचं आणखी निराळं. ढोल पथकाच्या मालकीचे, शेड भाड्याची आणि पॉलिसी एखाद्या पदाधिकाऱ्याच्या नावावर असली, तर भरपाई कुणाला द्यायची हाच पहिला वाद होतो. पॉलिसी ज्याची मालमत्ता त्याच्याच नावाची हवी.

‘ऑल रिस्क घेतली, आता चिंता नाही’

वाद्य घराबाहेर पडलं की घराच्या पॉलिसीचा उपयोग संपतो. त्यामुळे एजंट ‘ऑल रिस्क’ सुचवतो. वाद्याचं नाव, किंमत आणि क्रमांक लिहून घेतलेली, घराबाहेरही लागू होणारी पॉलिसी. सल्ला योग्यच असतो. मात्र आपल्याकडच्या अनेक ऑल रिस्क पॉलिसींत, आणि प्रवासी सामानाच्या पॉलिसींतही, अपवादांच्या यादीत एक जुनं कलम असतं. त्याचा आशय असा: काचसामान, कॅमेरे, दुर्बिणी, भिंगं, शिल्पं, चित्रं, वाद्यं, खेळाचं साहित्य आणि अशाच नाजूक वस्तू फुटल्या, तडकल्या किंवा त्यांवर ओरखडे आले तर भरपाई नाही. आग लागून किंवा वाहनाला अपघात होऊन तसं झालं असेल तरच मिळेल.

त्या यादीत वाद्यं नाव घेऊन आहेत, हे पुन्हा एकदा वाचावं. टेम्पो उलटला आणि आतली सतार मोडली, तर भरपाई मिळेल. चोरीला गेली तरी मिळेल. पण मैफल संपल्यावर स्टेजच्या कडेवरून घसरून भोपळा तडकला, हमालाच्या हातून हार्मोनियम पायऱ्यांवर पडलं, जिन्यात केस आपटून दांडीचा सांधा निखळला, यातलं काहीच मिळणार नाही. टेम्पोने कचकन ब्रेक मारला आणि केस पुढे जाऊन आदळली, तर तो ‘वाहनाचा अपघात’ झाला का, यावर पत्रव्यवहार सुरू होईल. आणि वादकाच्या आयुष्यात नेमक्या याच गोष्टी घडत असतात. सतार चोराच्या हाती लागण्यापेक्षा कुणाच्या तरी हातून पडण्याची भीती कितीतरी मोठी. म्हणजे ज्या धोक्यासाठी माणूस हप्ता भरतो, तोच धोका या कलमाने वगळलेला असतो.

यावर उपाय आहे. हप्ता भरण्याआधी कंपनीला ईमेलवर थेट विचारावं: माझं वाद्य हातातून पडून तुटलं तर भरपाई मिळेल का, आणि पॉलिसीच्या कोणत्या कलमाखाली? उत्तर ‘नाही’ आलं तर जादा हप्ता घेऊन ते कलम काढता येईल का, किंवा अपघाती मोडतोड धरणारी खास वाद्यांची पॉलिसी आहे का, हे विचारावं. कलम काढलं तर तशी पुरवणी पॉलिसीला जोडलेली असली पाहिजे. एजंट कितीही भला असो, त्याचं तोंडी ‘हो, होईल’ दाव्याच्या वेळी कामी येत नाही.

काही गोष्टींचा विमा मात्र कुणी देत नाही, आणि मला ते रास्त वाटतं. तार तुटणं, जवारी उतरणं, तबल्याची पुडी फाटणं, भात्याची घडी विरणं, ढोलाचं पान सैल पडणं ही झीज आहे. दमट हवेने लाकूड फुगणं, भोपळ्याला कीड लागणं हेही बहुतेक पॉलिसींत वगळलेलं असतं.

विजेवर चालणाऱ्या सामानासाठी आणखी एक गोष्ट पाहावी. जत्रेत जनरेटरचं व्होल्टेज वाढलं आणि मिक्सर जळाला, तर साधी ऑल रिस्क त्याला विद्युत बिघाड म्हणून बाजूला सारते. त्यासाठी इलेक्ट्रॉनिक उपकरणांची स्वतंत्र पॉलिसी असते. कीबोर्ड, मिक्सर, वायरलेस माइक गावोगाव फिरत असतील तर तिच्यात ने-आण करायच्या उपकरणांची जोड घ्यावी, नाहीतर ती पत्त्यापुरतीच राहते.

‘गेलं म्हणजे चोरीला गेलं’

घरफोडीच्या संरक्षणाला बहुधा बळजबरीची खूण लागते: तुटलेलं कुलूप, वाकवलेला गज. ग्रीनरूमच्या उघड्या दारातून कुणी गिटार उचलून नेलं, तर ती चोरी आहे, पण घरफोडी नाही. कोणता शब्द वापरला आहे ते पॉलिसीत पाहावं. गाडीत ठेवलेल्या सामानाला सहसा अट असते, की गाडी चारी बाजूंनी बंद आणि कुलूपबंद हवी. ताडपत्री टाकलेला टेम्पो त्यात बसत नाही.

विसरणं तर आणखी वेगळं. ऑक्टोबर १९९९ मध्ये यो-यो मा यांच्यासारखा वादक न्यूयॉर्कच्या टॅक्सीत आपला १७३३ सालचा चेलो विसरून उतरला. चेलोची किंमत तेव्हा पंचवीस लाख डॉलर सांगितली गेली. नशीब की तो त्याच दिवशी सापडला. रिक्षात राहिलेली बासरीची पेटी चोरीत मोडत नाही. तुमच्या पॉलिसीत हरवणं वगळलेलं असेल, तर दावा तिथेच थांबतो.

पोलिसांत कोणता कागद केला यावरही बरंच अवलंबून असतं. चोरी झाली असेल तर ‘गहाळ’ची नोंद पुरेशी नाही, गुन्हा नोंदवून एफआयआरची प्रत घ्यावी. तपास लागला नाही, तर महाराष्ट्रात पोलीस ‘अ समरी’ अहवाल देतात: गुन्हा खरा, पण उलगडला नाही. मोठ्या रकमेच्या दाव्यात कंपनी हा अहवाल मागते आणि तो मिळायला महिने जातात. पाठपुरावा आपणच करायचा. कंपनीला मात्र त्याच दिवशी कळवावं, तपासाची वाट पाहत बसू नये.

‘विमानात मोडलं तर एअरलाइन देईल, रेल्वेत गेलं तर रेल्वे’

आंतरराष्ट्रीय प्रवासात माँट्रियल करार लागू होतो. त्यानुसार सामानाची जबाबदारी दर प्रवाशामागे १,५१९ एसडीआर या आंतरराष्ट्रीय हिशेबी एककापर्यंतच आहे. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस वाढलेली ही मर्यादा सुमारे पावणेदोन ते दोन लाख रुपयांची होते, तीही सगळं सामान धरून. देशांतर्गत प्रवासात ती २० हजार रुपये आहे. चेक-इन करताना किंमत लेखी जाहीर करून जादा शुल्क भरलं तर परदेशी प्रवासातली मर्यादा वाढवता येते. नुकसान दिसलं की विमानतळ सोडण्याआधी कागद करून घ्यावा. करारानुसार लेखी तक्रारीची मुदत सामान मिळाल्यापासून ७ दिवसांची आहे.

रेल्वेत तर अपेक्षाच ठेवू नये. रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १०० नुसार, जवळ बाळगलेल्या सामानाची जबाबदारी रेल्वेच्या कर्मचाऱ्यांचा निष्काळजीपणा सिद्ध झाला तरच येते. सर्वोच्च न्यायालयानेही २०२३ मध्ये, प्रवाशाच्या अंगावरचे पैसे चोरीला जाणं ही रेल्वेच्या सेवेतली त्रुटी नाही, असं म्हटलं. लगेजमध्ये पावती घेऊन टाकलेल्या सामानालाही, किंमत जाहीर केली नसेल तर, वजनावर किलोला १०० रुपयांची मर्यादा आहे. मिरजेच्या उत्तम सतारीचं वजन किती, आणि त्या हिशेबाने काय हाती येईल?

‘विमा थोड्या रकमेचा काढला तरी चालतं’

हप्ता वाचवायला साठ हजारांच्या संवादिनीचा विमा तीस हजारांचा काढला, आणि दहा हजारांची दुरुस्ती निघाली. तीस हजारांच्या आतली रक्कम म्हणून दहाच्या दहा हजार मिळतील असं वाटतं. मिळतात पाच. अर्ध्या किमतीचा विमा म्हणजे प्रत्येक नुकसानीत अर्धा वाटा तुमचा, असा नियम आहे. भारत गृह रक्षामध्ये तो लावत नाहीत, पण इतर पॉलिसींत लावतात.

किंमत ठरवणं हेच आपल्याकडचं अवघड काम. मिक्सरची किंमत दर वर्षी उतरते, त्यामुळे घसारा वजा होऊन हाती थोडं येतं. मुरलेल्या तंबोऱ्याचं उलट असतं. लाकूड वाळतं, आवाज खुलतो, आणि तो बनवणारा कारागीर हयात नसेल तर तसा दुसरा मिळतच नाही. अशा वाद्याची किंमत पॉलिसी घेतानाच दोघांनी मान्य करून लिहून ठेवावी, कारागिराच्या किंवा जाणकाराच्या मूल्यांकनपत्रासह. आपल्याकडे वाद्याचा व्यवहार बहुतेकदा शब्दावर आणि रोखीने होतो. त्या विश्वासाचा मला आदर आहे, तरीही कारागिराकडून तारीख आणि वर्णन असलेली पावती घ्यावी. भोपळा, तबली, खुंट्या, नक्षीकाम यांचे जवळून फोटो काढावेत. आधीचे चरे आणि डागडुजी फोटोत आवर्जून दिसू द्यावी, म्हणजे नवी तडक जुनी ठरवली जात नाही.

दावा नाकारला तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी जावं. महिन्याभरात समाधान झालं नाही तर विमा लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते. मुंबईत आणि पुण्यात त्यांची कार्यालयं आहेत, आणि ५० लाख रुपयांपर्यंतचे दावे ते ऐकतात.

‘भरपाई मिळाली, पुढे वाद्य सापडलं तर दुहेरी फायदा’

नोव्हेंबर २०१० मध्ये लंडनच्या यूस्टन स्टेशनवरच्या कॅफेत मिन-जिन किम या व्हायोलिनवादक तरुणीचं १६९६ सालचं स्ट्रॅडिव्हेरियस चोरीला गेलं. विमा होता, भरपाई मिळाली, तिने दुसरं वाद्य घेतलं. २०१३ मध्ये पोलिसांना ते व्हायोलिन जवळपास धड अवस्थेत सापडलं. पण भरपाई देताच मालकी विमा कंपनीकडे गेलेली होती. परत घेण्याएवढे पैसे तिच्याकडे नव्हते. डिसेंबर २०१३ च्या लिलावात ते १३ लाख पौंडांहून जास्त किमतीला विकलं गेलं, दुसऱ्या कुणाला तरी.

अमेरिकेत रोमन टोटेनबर्ग यांचं १७३४ सालचं व्हायोलिन १९८० मध्ये कार्यक्रमानंतर चोरीला गेलं होतं. ते २०१५ मध्ये सापडलं, तेव्हा टोटेनबर्ग हयात नव्हते. त्यांच्या तीन मुलींनी १९८० साली मिळालेले १ लाख १ हजार डॉलर विमा कंपनीला परत केले आणि वडिलांचं वाद्य ताब्यात घेतलं.

गुरूंनी दिलेली सतार किंवा आजोबांचा तबला असेल, तर विमा घेतानाच विचारून ठेवावं: वाद्य सापडलं तर मिळालेली भरपाई परत करून मी ते घेऊ शकेन का, किती मुदतीत, आणि व्याजासह की मूळ रक्कम? हे पॉलिसीत किंवा तिच्या पुरवणीत लिहून मिळालं पाहिजे. भरपाईच्या अंतिम पावतीवर सही करतानाही तीच ओळ पुन्हा तपासावी, कारण त्या सहीने मालकी हस्तांतरित होते.