बिऱ्हाड पाठीवर, पाय बेटावर

अंदमान म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे सेल्युलर जेल उभे राहते. गेल्या दिवाळीच्या सुटीत मी तिकडे निघालो, तेव्हा आजीने “काळ्या पाण्याला कशापायी जातोस रं?” असे विचारीत कपाळाला भंडारा लावला. माझा मामेभाऊ नोकरीनिमित्त तेथे असतो. जाण्यायेण्याचा खर्च त्याने उचलला, म्हणूनच हा प्रवास घडला. श्रीविजयपुरमचा (२०२४ पर्यंतचे पोर्ट ब्लेअर) तो तुरुंग मी पाहिला. १९०६ साली पुऱ्या झालेल्या त्या वास्तूच्या सात विंगांपैकी आज तीनच उभ्या आहेत. पण त्याविषयी लिहिणारे अधिकारी लेखक पुष्कळ आहेत. मला सांगायचे आहे ते त्यानंतरच्या चार दिवसांविषयी. हे दिवस मी पाठीवर एक सॅक घेऊन एका लहानशा बेटावर काढले.

या हिंडण्याला हल्ली ‘बॅकपॅकिंग’ म्हणतात. म्हणजे काय? गरजेचे सारे सामान एका सॅकमध्ये घालायचे आणि ती स्वतःच वाहायची. हमाल नाही, मोठे हॉटेल नाही. सरकारी बोटीने किंवा बसने जायचे, गावकऱ्यांच्या घरी उतरायचे, ते जेवतील ते जेवायचे. ओझे आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्शाहून अधिक नसावे, असा साधारण संकेत आहे. माझ्या सॅकमध्ये दोन शर्ट, एक लुंगी, पंचा, चादर, पाण्याची बाटली, बॅटरी आणि एक वही एवढेच होते. चेन्नईहून बोटीच्या बंक वर्गाने सुमारे तीन दिवसांचा प्रवास झाला. भोवती पाण्याशिवाय काही नसते तेव्हा आपण काय काय विसरलो याची यादी माणूस करतो. तिसऱ्या दिवशी ती यादीही विसरतो.

मी गेलो त्या बेटाचे नाव शहीद द्वीप. १८५७ च्या उठावात लढलेल्या एका इंग्रज सेनापतीवरून पूर्वी त्याला नील म्हणत. ३० डिसेंबर २०१८ रोजी हे नाव बदलले. श्रीविजयपुरमपासून ते सुमारे ४० किलोमीटरवर आहे. वस्ती थोडी, २०११ च्या जनगणनेत सुमारे ३,००० माणसे. फाळणीनंतर पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांना १९६० च्या दशकात सरकारने तेथे जमिनी देऊन वसवले. सीतापूर, भरतपूर, रामनगर, लक्ष्मणपूर अशी तेथल्या वस्त्यांची नावे आहेत. ही माणसे भाजीपाला पिकवतात आणि बोटीने शहराला पाठवतात. समुद्राच्या मधोमध वांग्या-मिरच्यांचे वाफे पाहून मला घरी आल्यासारखे वाटले.

बेटावर साधेपणाने राहावे लागते याला काही कारणे आहेत. ती समजून घेतल्याशिवाय त्या साधेपणाचे कौतुक करणे म्हणजे भाबडेपणा होईल.

पहिले कारण पाणी. अंदमानात वर्षाकाठी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो. माझ्या दुष्काळी माण तालुक्याला हा आकडा स्वप्नातलाच. मग टंचाई कशी? लहान बेटावर मोठी नदी नसते. बरेचसे पाणी समुद्राला मिळते. जे जमिनीत मुरते ते खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते, कारण गोडे पाणी हलके असते. आमटीवर तेलाचा तवंग असावा तसे. शास्त्राचा ठोकताळा असा की गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीहून एक हात वर असेल, तर त्या पाण्याचा थर खाली सुमारे चाळीस हात असतो. म्हणजेच उपसून वरची पातळी एक हात उतरली, की कालांतराने खालून खारे पाणी चाळीस हात वर सरकू शकते. विहीर एकदा खारी झाली की तिचे पाणी गोडे व्हायला फार काळ लागतो. म्हणून ज्यांच्या घरी मी उतरलो होतो त्या मावशी अंघोळीला एकच बादली देत. त्यात कंजूषपणा नव्हता, हिशेब होता.

दुसरे कारण वेळ. आपल्या साऱ्या देशाचे घड्याळ एक. पण हे बेट सातारा जिल्ह्याच्या इतके पूर्वेला, की सूर्य आपल्यापेक्षा सुमारे सव्वा तास आधी चालतो. नोव्हेंबरात संध्याकाळी पाचच्या सुमारास तो मावळतो. शिवाय भरती-ओहोटी रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. लक्ष्मणपूरच्या किनाऱ्यावर दगडाची एक नैसर्गिक कमान आहे. तिच्याजवळ जायचे तर ओहोटीच गाठावी लागते. घाई करून समुद्र हटत नाही.

तिसरे कारण कचरा. बेटावर साबणाच्या वडीपासून सिमेंटपर्यंत बहुतेक सारे बोटीने येते, पण रिकामी बाटली परत कोण नेणार? ती तेथेच पुरली किंवा जाळली जाते, नाहीतर समुद्रात जाते. म्हणून आणलेले प्लॅस्टिक परत नेणे हा प्रवाशाचा पहिला धर्म. आणि तेथले प्रवाळ मात्र उचलायचे नाही. वन्यजीव कायद्याने त्याला बंदी आहे.

तिसऱ्या रात्री जेवताना मी मावशींना मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणालो, “तुमचं हे साधं राहणं मला फार आवडलं.” त्या हसल्या. म्हणाल्या, “बाबा, तू चार दिवस राहतोस. समुद्र खवळला की बोट बंद. त्या रात्री घरात कुणाला जास्त झालं तर काय करायचं, ते साधं नसतं. आम्ही इथं आलो तेव्हा मी लहान होते. आईच्या हातात एक गाठोडं होतं. तेवढंच. मुलगा आता फ्रिज घेतो म्हणतोय, मी नको म्हणत नाही.” मग त्यांनी विचारले, “तुझे वडील काय करतात?”

वाचकहो, महाविद्यालयात आल्यापासून या प्रश्नाला मी ‘शेती’ एवढेच उत्तर देत आलो आहे. ते अगदीच खोटे नाही. आमची दोन एकर कोरडवाहू जमीन आहे. पण आमचे घर चालते ते मेंढरांवर. दिवाळीच्या सुमारास आमचा वाडा घाट उतरून कोकणात जातो. घोड्यावर घोंगड्या, भांडी, पिठाची पिशवी, त्यावर कोकरे आणि तान्ही मुले. बायका घोडी घेऊन पुढे जातात आणि तळ मांडतात; पुरुष मेंढ्या घेऊन मागून येतात. शेतकऱ्याच्या रानात मेंढरे बसवायची, लेंडीखत द्यायचे, बदल्यात धान्य किंवा पैसे घ्यायचे आणि पावसाळ्याच्या तोंडी परतायचे. मी लाटांचा आवाज ऐकत भात-मासे जेवत होतो, त्याच दिवसांत माझे आई-आबा मेंढरांमागून घाट उतरत होते. अकरावीत गेल्यापासून ‘अभ्यास आहे’ म्हणून मी त्यांच्याबरोबर गेलेलो नाही.

मावशींना मी खरे ते सांगितले. त्या म्हणाल्या, “म्हणजे पाठीवर घर न्यायला तू इथं शिकायला नको होतास.”

या बोलण्यावर मी परतीच्या बोटीत पुष्कळ विचार केला. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, पण विंचू-विंचवात फरक आहे. प्रवासी हौसेने थोडक्यात राहतो. त्याच्या खिशात परतीचे तिकीट असते. मेंढपाळ धंद्यासाठी थोडक्यात राहतो; जे घोड्याला झेपेल तेच त्याचे. निर्वासितावर मात्र ते लादलेले असते. वरून तिघांचे गाठोडे सारखेच दिसते. तेव्हा ‘साधी राहणी’ हे शाळेच्या भिंतीवरचे सुवचन दुसऱ्याला ऐकवण्यापूर्वी, त्याने ती राहणी निवडली आहे का, हे विचारायला हवे. मावशींनी फ्रिज घ्यावा. आईच्या तळावर दिवा आणि जवळ दवाखाना असावा. पण एका बादलीचा तो हिशेब मात्र आपण सर्वांनी शिकावा, कारण वसतिगृहात नळ उघडा टाकून दात घासणारा मीही होतो.

बॅकपॅकिंग करू इच्छिणाऱ्या मित्रांनी अंदमानलाच जावे असे नाही. सामान कमी घ्यावे, चालावे, ज्यांच्या घरी जेवाल त्यांचे ऐकावे, एवढे पुरे. यंदाच्या दिवाळीत मी तीच सॅक घेऊन आमच्या वाड्याबरोबर घाट उतरणार आहे. आईला तसे कळवले, तर ती म्हणाली, “ये. पण तुझं वझं तूच उचलायचं. घोड्यावर जागा नाही.”