डब्यात आधी काय होते?

रिकामा डबा फेकून द्यायची रीत आपल्या घरांत कधीच नव्हती. रॉकेल १८ लिटरच्या पत्र्याच्या डब्यातून येत असे, त्या काळी गिरणी कामगारांच्या चाळीत आणि झोपडीत एकेका डब्याला तीन-तीन जन्म मिळत. आधी पाण्याच्या कावडीला, गळू लागला की माती भरून कोथिंबिरीला, आणि बूड कुजले की कापून, ठोकून सपाट करून छपराला. गोडेतेलाचा १५ किलोचा डबा आजही घरोघरी आहे. पाच लिटरचा कॅन तिरपा कापला की केराची सुपली होते, उभ्या कॅनला तोटी बसवली की मोरीत हात धुण्याची सोय होते आणि तांब्याने उपसून सांडणारे पाणी वाचते. सोलापूरच्या आयाबहिणींना यातले काही शिकवायला जावे, एवढे धाडस आमच्यात नाही. आम्हाला बोलायचे आहे ते एका प्रश्नाबद्दल, जो डबा घरात घेताना पुष्कळदा विचारायचा राहून जातो. या डब्यात आधी काय होते?

तेलाच्या डब्यापासून सुरुवात करू. हा सर्वांत निर्धोक, कारण त्यात खायचीच वस्तू होती. तरी तेल अंगाला धरून राहते, खवट होते आणि तो वास धान्याला लागतो. कडेची धार आधी ठोकून आत वळवून घ्यावी, नाहीतर मुलांचे हात कापतात. मग गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून दोनदा खळखळून धुवावे, राखेने घासावे आणि दोन दिवस कडक उन्हात उपडा ठेवावा. अशा डब्यात बारा-तेरा किलो ज्वारी बसते. ज्वारी दाताखाली कट्ट वाजेपर्यंत वाळवावी, सावलीत वाळवलेला कडुलिंबाचा पाला थरावर थर घालावा. कडक भाकरीसाठी तर याच्यासारखे भांडे नाही. झाकण घट्ट असले की भाकरी कित्येक दिवस मऊ पडत नाही, आणि विड्या वळत बसलेल्या बाईला चूल न पेटवता दुपारी शेंगाचटणीबरोबर दोन घास मिळतात. मात्र तंबाखूचा डबा धान्याला वापरू नये, कितीही धुतला तरी. अन्नसुरक्षेच्या २०१८ सालच्या नियमांनी तर व्यापाऱ्यांना वापरलेल्या पत्र्याच्या डब्यात पुन्हा खाद्यतेल भरायलाही मनाई केली आहे.

धान्यातल्या किड्यांसाठी काही जण बाजारातून विषारी गोळी आणून डब्यात टाकतात. ही गोळी हवेतल्या ओलाव्याने विषारी वायू सोडते. एका खोलीचे घर, दारे-खिडक्या बंद, शेजारी मुले झोपलेली. अशा ठिकाणी या वायूने माणसे दगावतात. गोदामवाल्यांचे औषध घरात आणू नये, कडुलिंब पुरे आहे.

आता पाण्याच्या बॅरलकडे येऊ. शंभरएक किलोमीटरवर उजनी धरण असूनही नळाला तीन दिवसांनी, कधी चार-पाच दिवसांनी पाणी, हे सोलापूरने वर्षानुवर्षे सोसले आहे. हिशेब साधा आहे. घरात पाच माणसे, माणशी रोज ४० लिटर धरले तर दिवसाला २०० लिटर, चार दिवसांचे ८०० लिटर. म्हणजे २०० लिटरची चार बॅरले. नवी घ्यायची तर पगार मोडतो, म्हणून माणूस भंगारवाल्याकडे जातो आणि निळे बॅरल घेऊन येतो. सोलापुरात चादरी आणि टॉवेलचे कारखाने, त्यासाठी सूत रंगवणे आणि धुणे आलेच. त्या कामाला लागणारी रंग-रसायने अशाच बॅरलांतून येतात. काही निळ्या बॅरलांत फळांचा गर किंवा साखरेचा पाकही येतो हे खरे, पण दोन्ही बॅरले बाहेरून सारखीच दिसतात.

प्लास्टिकच्या अंगात रसायन मुरते आणि नंतर हळूहळू पाण्यात उतरते. म्हणून "चांगले धुवून घेतले" हे उत्तर पुरेसे नाही. घातक रसायनांनी माखलेली रिकामी बॅरले २०१६ सालच्या नियमांप्रमाणे घातक कचऱ्यातच मोजली जातात आणि ती परवाना असलेल्यांकडेच गेली पाहिजेत. विकत घेताना जुने लेबल आहे का ते पाहावे. लेबल खरवडलेले असेल तर ते बॅरल घेऊच नये. आत नाक घालून वास घेऊ नका, झाकण उघडून लांबूनच अंदाज घ्या. पूर्वीचा माल खायचाच होता असे खात्रीने कळत नसेल, तर ते बॅरल पिण्या-स्वयंपाकालाच काय, अंघोळीलाही नको. पैसे कमी असतील तर चार जुन्यांऐवजी एक नवे आणि बाकी हंडे-घागरी, हा व्यवहार आम्हाला जास्त शहाणपणाचा वाटतो.

ही भीती उगाच नाही. १६ जुलै २०१३ रोजी बिहारमधल्या सारण जिल्ह्यात, गंडामन गावच्या शाळेत दुपारचे जेवण जेवून २३ मुले मरण पावली. तपासणीत स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक सापडले. पूर्वी कीटकनाशक ठेवलेल्या डब्यात तेल ठेवले गेले होते, असे तेव्हा अधिकाऱ्यांनी सांगितले. ती गरिबांची मुले होती. आपल्या जिल्ह्यात ऊस, डाळिंब, द्राक्षे. फवारणीच्या कामाला जाणारे आपलेच लोक. मालकाने दिलेला रिकामा कॅन फुकट म्हणून घरी आणू नये. लेबलवर चौकोनात रंगाचा त्रिकोण असतो. लाल म्हणजे अतिजहाल, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा त्यातल्या त्यात कमी. हिरवा आहे म्हणूनही डबा घरात घ्यायचा नाही. असे डबे फोडून नष्ट करावेत, ते पुन्हा वापरात येऊ देऊ नयेत, असे कीटकनाशकांच्या १९७१ सालच्या नियमांतच आहे.

उलटा प्रकार त्याहून जास्त घडतो. थंड पेयाच्या बाटलीत फिनेल, संडासचे ॲसिड किंवा थिनर भरून मोरीत ठेवायचे. तहानलेले मूल बाटली ओळखते, आतला माल ओळखत नाही. विषारी वस्तू तिच्या मूळ बाटलीतच, वरच्या फळीवर राहू द्यावी. मुलाने असे काही प्यायलेच तर उलटी करवू नये, मीठपाणी पाजू नये. बाटली बरोबर घेऊन तडक सिव्हिल गाठावे.

बॅरल निर्धोक असले तरी साठवलेल्या पाण्यात डेंग्यूचा डास वाढतो, आणि तो दिवसा चावतो. त्याची मादी अंडी घालते ती पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या आतल्या भिंतीला. पाणी ओतून दिले तरी अंडी तिथेच चिकटून राहतात, कोरडी होऊनही महिनोन्महिने टिकतात आणि पाणी भरले की फुटतात. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा बॅरल रिकामे करून आतून काथ्याने घासायचे आणि वाळवायचे. नळ येण्याच्या आदल्या रात्री बॅरले तशीही रिकामी झालेली असतात, तीच वेळ बरी. झाकण नसेल तर जुन्या सुती लुगड्याचे दुहेरी फडके दोरीने आवळून बांधावे.

शेवटी बिस्किटांच्या चौकोनी पत्र्याच्या डब्याबद्दल. बहुतेक घरांत त्यात सुई-दोरा आणि बटणे असतात. सुई-दोरा कशातही राहील. तो डबा कागदांना द्यावा. आम्ही कारकुनी करतो, त्यामुळे कागद नसलेल्या माणसाचे हाल रोज पाहतो. अनुसूचित जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा लागतो. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला किंवा जुना जन्म-मृत्यूचा उतारा, असे काहीतरी. तो कागद पत्र्याच्या गळक्या छपराखाली भिंतीवरच्या पिशवीत लटकत असतो आणि पावसाळ्यात लगदा होतो. मग नातीचा प्रवेश अडतो. डबा पूर्ण वाळवून तळाशी डांबरगोळ्या कापडात बांधून ठेवाव्यात. प्रत्येक कागद वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत घालावा. फाटलेल्या घडीवर सेलोटेप लावू नये, ती पिवळी पडून अक्षरे खाते. सत्यप्रती काढून एक संच भावाच्या किंवा बहिणीच्या घरी ठेवावा. झाकणाच्या आत कोणकोणते कागद आहेत याची यादी चिकटवावी, आणि घरातल्या थोरल्या मुलीला तो डबा कुठे आहे ते सांगून ठेवावे.